पोरीचं तोंड

"बाबा, माझं तोंड बघून सांगा बरं, मी किती दाती?"

भर बाजारात, गिऱ्हाइकासमोर तिने विचारलं. आणि नुसतं विचारलं नाही, ओठ मागे ओढून हिरड्यांपर्यंत सगळं दुकान उघडून दाखवलं. पाण्याच्या टाकीमागे तिच्या दोघी मैत्रिणी, एक चष्मेवाली आणि एक लांब वेणीवाली, एकमेकींचे दंड धरून फिदीफिदी हसत होत्या. पैज त्यांचीच. "तुझे बाबा अख्ख्या बाजारातल्या गुरांचे दात बघतात, तुझे कधी बघितलेत का गं? विचार की. आहे हिंमत?"

हिंमत? आणि हिला विचारता? मागच्या वर्षीची गोष्ट वेगळी होती. तेव्हा ती हसताना, बोलताना, जांभई देतानासुद्धा तोंडावर हात धरायची. वर्गात तिचं नाव 'हळकुंड' पडलं होतं आणि ते कानावर आलं की ती घुम्यासारखी बाकाखाली बघत बसायची. यंदा नववीत शाळेच्या भोंग्यावरून रोज सकाळी बातम्या वाचायचं काम तिच्याकडे आलं. भोंग्यातून आवाज जातो, दात जात नाहीत. अख्खी शाळा आपला आवाज ऐकून चिडीचूप उभी राहते, हे एकदा कळल्यावर पोरीला आभाळ ठेंगणं झालं. आता कुणी हळकुंड म्हटलं तर ती म्हणायची, "हो ना, आणि तू सुंठ. बस गप्प."

बाबा गुरांचे व्यापारी. त्या वेळी त्यांच्या डाव्या हातात एका कालवडीचा खालचा ओठ होता आणि उजव्या हाताचं बोट तिच्या दातांवर. गुरांच्या बाजारात वय कुणी विचारत नाही, दात विचारतात. सगळे दुधाचे असले तर आदत, दोन पक्के आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि सगळे आले की जुळली. बाबांचं घर त्या ओठावर चालायचं. यंदा तर ओठ उचलल्याशिवाय कुणी जनावराच्या शेपटीलाही हात लावत नव्हतं. खुरकुताची साथ नुकती ओसरली होती. तोंडात फोड, लाळेच्या तारा, लंगडणारे खूर सगळ्यांनी बघितले होते. बाजार उघडला होता, पण येणारं गिऱ्हाईक संशय खिशात घालूनच यायचं.

हे गिऱ्हाईक म्हणजे जाड मिशांचा दूधवाला. तो कालवडीचं तोंड बघायचं सोडून पोरीचं बघायला लागला आणि असा हसला की मिशा नाकात गेल्या.

"अरे व्यापारी! घरातलं तोंड असलं, आणि तू मला दारातल्याची हमी देतोस? काय चारतोस रे दोघींना? एकाच गव्हाणीत घालतोस का?"

आजूबाजूचे हसले. बाबांनी कालवडीचा ओठ सोडला. त्याच हाताने, त्याच पकडीने, पोरीचा जबडा धरला. अंगठा एका गालात, बोटं दुसऱ्या गालात. हाताला लाळेचा आणि तुरटीचा वास होता. त्यांनी तिचं तोंड दूधवाल्याकडे वळवलं, मग त्याच्या शेजाऱ्याकडे, मग अजून पुढच्याकडे.

"बघा, नीट बघून घ्या. ही हिच्या आईच्या घराण्याची देणगी आहे. माझ्या दावणीचा दोष नाही."

सगळ्यांनी बघितलं. पिवळे-तपकिरी दात, मधेच खडूसारखे पांढरे डाग, कडा उडालेल्या, मागच्या दाढा झिजून पार हिरडीला टेकलेल्या. तिने डोळे टाकीकडे वळवले. टाकीमागे आता कुणीच नव्हतं. पैजेच्या दोन्ही रणरागिण्या पळाल्या होत्या.

दूधवाल्याने कासरा बाबांच्या अंगावर टाकला. "राहू दे. पुढच्या बाजारी बघू."

"ऐका तरी..."

"बघू म्हटलं ना."

कालवड तशीच परत टेम्पोत चढवावी लागली. बाबा रस्त्यात एवढंच बोलले. "हात दाखवून अवलक्षण. माझा सौदा मोडलास तू."

"मी नुसतं विचारलं."

"पुन्हा विचारलंस तर थोबाड फोडीन."

*

घरी आई गोठ्यात उकिडवी बसून तुरटीचं पाणी ढवळत होती. साथ आल्यापासून हा तिचा रोजचा उद्योग. एकेका जनावराचं तोंड उघडायचं, फडक्याने आतून धुवायचं, खुरं धुवायची, पुढच्याकडे सरकायचं. तिची बोटं पाण्याने पांढरी, सुरकुतलेली झाली होती. पोरीच्या गालावर बोटांचे वळ बघून ती उठली.

"हे काय?"

"बाबांनी मला बाजारात विकायला काढलं होतं," पोरगी म्हणाली. "गिऱ्हाईक मिळालं नाही."

"चेष्टा नको. काय झालं?"

तिने सांगितलं. आईच्या घराण्याचं वाक्यही सांगितलं, अगदी बाबांच्या आवाजात, कारण आवाज काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आईने ऐकून घेतलं. ते वाक्य तिला नवीन नव्हतं. पोरीचे दुधाचे दात पिवळे आले तेव्हापासून ते घरात होतं, चुलीसारखं, एका जागी आणि कायम तापलेलं. आईचे स्वतःचे दात मात्र टपोरे, पांढरे, अजून कठीण कवचाची फळं फोडणारे. त्याबद्दल विचारलं की बाबा म्हणायचे, "तुझ्यात दिसत नाही. तुझ्या वरच्या कुणात तरी असेल. वाण असाच लपून येतो. आम्हाला गुरांत कळतं ते."

बाबा गोठ्यात आले. "पाणी झालं का? ह्या कालवडीचं तोंड आधी धू."

आईने फडकं बादलीत टाकलं आणि हात पदराला पुसले.

"नाही धुवायची."

"काय?"

"आधी हिचं तोंड. शाळेत तपासायला आलेल्यांनी दोनदा सांगून झालं, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून. तुम्ही ऐकलं नाही. पोरगी पाणी पिते तर मान वाकडी करून पिते, बघितलंय कधी? एका बाजूने गिळते. चावणं तर विसरलीच. दवाखान्यात नेईपर्यंत मी एकाही जनावराच्या तोंडात हात घालणार नाही. लाळ गळू दे नाहीतर जीभ गळू दे."

"डोकं फिरलंय तुझं."

"फिरलंय. तुरटी तिथे आहे, पाणी इथे आहे."

बाबांनी एक संध्याकाळ स्वतः तोंडं धुतली. पहिल्याच गाईने त्यांच्या पायावर पाय दिला. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "चला कुठे जायचंय ते. एकदाचं कळू दे सगळ्यांना, दोष कुठला आहे."

*

दवाखान्याच्या लांबलचक बोळात बाकं होती आणि बाकांवर तोंडं धरून बसलेली पोरं. आत खुर्ची अशी की बसलं की पाय वर आणि डोकं खाली. डॉक्टरीणबाई बुटक्या, चपळ, आणि बोलायला तिखट. चेहऱ्यावरच्या पट्टीमुळे त्यांचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते डोळे कुणावरही खूश नव्हते.

"काय होतं?"

"थंड लागलं की वीज चमकते," पोरगी म्हणाली. "गोड लागलं की मुंग्या. वारा लागला तरी कळ येते. आणि मी रोज दोनदा घासते हां, आधीच सांगते, कारण प्रत्येक जण तेच विचारतो, आणि..."

"बोलतेस फार. उघड."

बाईंनी बारीक आकडी दाढेवरून फिरवली. भुगा पडला, फळ्यावरच्या खडूसारखा. त्यांनी तो बोटावर घेऊन बाबांना दाखवला.

"हे दातावरचं कवच. दगडासारखं घट्ट असायला हवं. दात हिरडीत तयार होत असतानाच हिचं कवच कच्चं राहिलंय. घासण्याचा संबंध नाही. पोरीने काही केलेलं नाही." मग आईकडे वळून, "आणि तुम्ही इतके दिवस कुठे होतात? दाढा निम्म्या संपल्यात."

आईने नुसतं बाबांकडे बघितलं.

"हे घराण्यातून येतं. कुणाकडून?"

"हिच्या आईकडून," बाबा म्हणाले.

"आ करा," बाई आईला म्हणाल्या. आईने केला. बाईंनी आत बघितलं, भुवया वर केल्या. "हे? इथून? आणि तुमचे?"

"माझी कवळी आहे. तरणा असताना बैलाने शिंग मारलं."

ही गोष्ट पोरीला तोंडपाठ होती. बाबांनी ती बाजारात इतक्या वेळा सांगितली होती की बैल दर वेळी थोडा मोठा व्हायचा. घरात तर कवळी म्हणजे रोजचंच. जेवण झालं की ती पेल्यात पडायची.

"सगळेच गेले? वरचे, खालचे, मागच्या दाढासुद्धा?" बाई म्हणाल्या. "भलताच नेमबाज बैल."

पोरीला हसू आलं, तोंड उघडं असताना. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे बघा, मला कुणाची लाज काढायची नाही. पण कुणाकडून आलं ते खरं कळलं, तर हा कुठला प्रकार आहे आणि पुढे काय होणार ते मला नीट सांगता येईल." बाईंचं बोट पुढच्या दातांवर आलं आणि थांबलं. "हे काय? ह्या कडा अशा सपाट कशाने झाल्या?"

पोरीने बाबांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे बघत होते.

"कानशीने," ती म्हणाली.

"कशाने?"

"कानशीने. शिंगं घासायच्या."

बाबा बोलले, छाती पुढे काढून. "हिचे नवे दात आले ते करवतीसारखे. ओठ आतून फाटायचा, रक्त यायचं. जनावराच्या शिंगाला धार आली की आम्ही घासतो, गोलवतो. तसे गुळगुळीत करून दिले. त्यात काय? रडलीसुद्धा नाही."

"रडली नाही, का तुम्हाला ऐकू आलं नाही?" बाईंनी पट्टी खाली केली. "होतं नव्हतं ते पातळ कवच तुम्ही घासून टाकलंत. वीज चमकते म्हणते ना, ती ह्याच दातांत. माणसाच्या तोंडात कानस घालतात?"

पोरीला तो दिवस आठवला. गोठ्याचा खांब, बाबांनी मांडीवर घेतलेलं तिचं डोकं, मऊ फडक्याने पुसलेला ओठ. 'झालंच हं, झालंच' असं ते म्हणत होते, जसं ते अडलेल्या गाईला म्हणायचे. तिला वाटलं होतं, बाबांनी आपल्यावर इतकं लक्ष याआधी कधी दिलं नव्हतं. आता ह्या बाईंपुढे ते उभे होते, आणि तिला त्यांचा राग येत होता आणि बाईंचाही.

उपाय बाईंनी भरभर सांगितला. मागच्या दाढांना स्टीलच्या टोप्या. पुढच्यांवर दातांच्या रंगाचं लेपण, तेही तात्पुरतं, पुन्हा पुन्हा करावं लागेल. कायमच्या टोप्या जबडा पुरा वाढल्यावर. सगळा हंगाम येत राहायचं, मग वर्षानुवर्षं अधूनमधून. तपासणी रोज, पण पोरांना टोप्या बसवायचं काम आठवड्यातून एकदाच, आणि तो दिवस म्हणजे नेमका बाजाराचा. सही आई किंवा बाप, कुणाची तरी लागेल.

"मग माझे मोत्यासारखे होतील?" पोरीने विचारलं.

"मोती विसर. चावता येईल, दुखणार नाही, आणि तुझे तुझ्याकडे राहतील. आज तरी एवढंच."

एवढंच! पोरीचा फुगा फुस्स झाला. स्टीलच्या दाढा! हळकुंडाचा डबा होणार म्हणजे.

"काढून टाका सगळे," बाबा म्हणाले. "कवळी बसवा. एकदाच काय ते. माझं काही अडलंय का?"

"हिचा जबडा अजून वाढतोय. दात गेले की खालचं हाड झिजत जातं. चाळिशीत हिला कवळीसुद्धा धरणार नाही. मी काढणार नाही."

"नका काढू. काढणारे हात पुष्कळ आहेत."

"असतील. पोरीच्या दातांवर कानस चालवणारेही असतात."

बाबांनी आईला दंडाला धरून बाहेर काढलं. पोरगी त्यांच्या मागे गेली. गाल बधिर झाले होते, जबडा उघडा ठेवून दुखत होता, आणि बोळातली पोरं तोंडं धरून तिच्याकडे बघत होती.

*

पुढच्या बाजारच्या दिवशी बाबांनी गुरं शेजारच्या व्यापाऱ्याला धरायला दिली आणि पोरीचं मनगट धरलं. दोरखंडांची दुकानं, पत्र्याच्या बादल्या, घंटा, साखळ्या, त्यापुढे एक हिरवं कापड बांधलेली टपरी. तिथे कवळीवाला बसायचा. म्हातारा, हाताला गुलाबी मेणाचे डाग, समोर काचेच्या पेटीत दातांच्या रांगा.

"आईला माहितीये?" पोरीने विचारलं.

"आईला काय विचारायचंय? दर बाजारी तू दवाखान्यात गेलीस तर जनावराचं तोंड कोण धरणार? तुझी आई तर उपाय सुरू होईपर्यंत संपावर बसलीये." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "हंगाम संपायच्या आत पांढरे शुभ्र होतील. शाळेत ताठ मानेने जाशील. ती बाई काय देणार? डबा."

आणि खरं सांगायचं तर पोरीला ते पटलं होतं. कवळीवाल्याने पेटीतून एक कवळी काढून तिच्या ओठांपुढे धरली आणि हातात आरसा दिला. आरशात एक मुलगी होती, जी हसली तर कुणी नाव ठेवलं नसतं. दात सरळ, एकसारखे, पांढरे; कळ नाही, मुंग्या नाहीत, बर्फाची कांडी कुणी पुढे केली तर सरळ खायची. तिने मान डावीकडे वळवून बघितलं, उजवीकडे वळवून बघितलं. सगळी शाळा डोळ्यांपुढे तरळली. चष्मेवालीचं तोंड कसं पडेल ते तर आधी तरळलं.

"सुई देऊन काढीन," कवळीवाला म्हणाला. "मुंगी चावल्यासारखं. आज खालचे, मग वरचे. हिरडी भरली की माप घेऊ. बस स्टुलावर."

ती बसली. बाबा शेजारी उभे होते, तिच्या डोक्यावर हात ठेवून.

"आणि तोवर माझीही बघ," बाबांनी कवळीवाल्याला सांगितलं. "खालची फार उडते हल्ली. गिऱ्हाइकाशी बोलताना अर्धी बाहेर येते. घट्ट करून दे."

"द्या इकडे."

बाबांनी पाठ वळवली, तोंडावर हात धरला, आणि दोन्ही कवळ्या काढून म्हाताऱ्याच्या हातात दिल्या. पेल्यात पडलेली कवळी पोरीने रोज बघितली होती, पण बाबांचं कवळीशिवायचं तोंड असं उन्हात, हातभर अंतरावर, कधी बघितलं नव्हतं. घरात ते जेवून उठले की भिंतीकडे तोंड करून बसायचे. आता ओठ आत गेले होते, हनुवटी नाकाला भेटायला निघाली होती, गालात खळगे. बाबा तिच्या आजोबांसारखे दिसत होते. आणि तोंडावरचा हात त्यांनी काढला नाही. तो हात कसा धरतात ते तिला चांगलं माहीत होतं. अंगठा गालावर, बोटं नाकाखाली, सहज धरल्यासारखा. ती कित्येक वर्षं तसाच धरत होती.

म्हाताऱ्याने कवळी उलटी करून बघितली, मग बाबांचा हात बाजूला करून हिरडीवरून बोट फिरवलं.

"कवळीत काही नाही. खाली हाडच उरलं नाही आता. सपाट झालंय सगळं. कशाला धरून बसेल ती?" आणि पोरीकडे वळून तो कौतुकाने म्हणाला, "तुझ्याएवढाच होता गं हा, इथे आला तेव्हा. ह्याच स्टुलावर बसला होता. असेच हुबेहूब दात, पिवळे, कडा गेलेल्या. धरायला गेलं की पक्कडीत चुरा. मी तर तुला बघताक्षणी ओळखलं, म्हटलं, बापाचं तोंड घेऊन आलीये."

बाबा काहीतरी ओरडले. पण दात म्हाताऱ्याच्या हातात होते. तोंडातून नुसता फुसफुसाट आला आणि थुंकी. शेजारच्या घंटावाल्याने वळून बघितलं आणि हसू दाबलं. बाबांनी पुन्हा हात तोंडावर नेला, दुसऱ्या हाताने म्हाताऱ्याकडे कवळी मागितली. "फे... फे इकफे!"

"देतो की, जरा घासू दे."

पोरगी हसली नाही. बैल नव्हता. शिंग नव्हतं. होता तो एक मुलगा, ह्याच स्टुलावर, आणि आता त्याच्या तोंडात कवळीला धरायलाही हाड शिल्लक नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं चिडून केलेलं होतं, पण खोटं नव्हतं. त्याचा पुरावा तिच्यासमोर लाळ पुसत उभा होता.

म्हाताऱ्याने सुई उचलली. "हं, उघड."

तिने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. बाबांनी तिचा जबडा धरला, बाजारात धरला होता तसाच, आणि अंगठा ओठांच्या कोपऱ्यातून आत घालायला गेले. गुरांच्या पुढच्या दातांमागे मोकळी फट असते, तिथे अंगठा घातला की कसलंही जनावर तोंड उघडतं. त्यांची वर्षानुवर्षांची सवय. पण माणसाच्या तोंडात ती फट नसते. अंगठा तिच्या दातांवर आपटला, कळ थेट डोळ्यांत गेली, आणि तिने दात आवळले. बाबांचा अंगठा मधे सापडला.

ते बोंबलले. ह्या वेळी शब्द लागत नव्हते, त्यामुळे स्पष्ट ऐकू आलं.

ती स्टुलावरून उठली आणि टेम्पोत जाऊन बसली, मागे, गुरांच्या पायाशी.

*

घरी आई अंगणात होती. टेम्पोचा आवाज ऐकून ती दारापर्यंत आली, कारण तिला बाजारातल्या कुणीतरी आधीच सांगितलं होतं. तिने पोरीची हनुवटी धरली, तोंड उघडायला लावलं, आत बघितलं. सगळे होते. पिवळे, फुटके, सगळे. तिने श्वास सोडला.

"आई, बैल नव्हता," पोरगी म्हणाली.

"कुठला बैल?"

"बाबांचा. शिंगवाला. बाबांचे दात माझ्यासारखेच होते. माझ्याएवढे असताना कवळीवाल्याने उपटले. म्हाताऱ्याने स्वतः सांगितलं, बाबांच्या समोर."

आई बाबांकडे बघत राहिली. बाबा कासरे सोडत होते. अंगठ्याला चिंधी बांधलेली, कवळी पुन्हा तोंडात.

"खरं?"

"म्हातारा काहीही बरळतो."

"खरं का, एवढंच विचारते."

"असेल," बाबा म्हणाले. "हो. मग? काय फाशी देणारेस?"

"माझ्या आईला नाव ठेवलंत तुम्ही. ती मेली तेव्हाही, तिच्या दारात बसून, पाहुण्यांसमोर. 'त्यांचा वाण कच्चा.' मी ऐकून घेतलं. मला वाटलं, असेल बाई आपल्याच रक्तात. पोरीकडे बघून मी रात्र रात्र..." आईने बाबांनी सकाळी कालवून ठेवलेली तुरटीच्या पाण्याची बादली उचलली आणि सगळीच्या सगळी बाबांच्या पायांवर ओतली. "घ्या. धुवा तुमचे खूर."

बाबा ओल्या चपलांनी तिथेच उभे राहिले. "मला कुणी दवाखान्यात नेलं होतं का? माझ्या बापाने हात धरून त्या स्टुलावर बसवलं. सगळे म्हणायचे कुजका, कुजका. कुजक्या तोंडाच्या व्यापाऱ्याकडून जनावर कोण घेणार? कवळी बसली आणि बैलाने मारलं म्हटलं, तर लोक पाणी विचारायला लागले. धंदा त्याच्यावर उभा राहिला. तुम्ही दोघी जे खाता ना, त्या बैलाचं खाता!"

"मी कुठे खाते?" पोरगी म्हणाली. "मी गिळते."

"तू गप्प बस! चावलीस मला. बापाला चावलीस."

"अंगठा घातलात म्हणून."

"पुढच्या बाजारी मुकाट्याने चलायचं. नाहीतर ह्या घरात..."

"मी ठरवलंय," ती म्हणाली.

आवाज भोंग्यावरचा होता, भोंग्याशिवाय. गोठ्यातल्या कालवडीनेही मान वर केली.

"दात काढायचे नाहीत. दुखतात, तरी माझे आहेत. बाजारच्या दिवशी सकाळच्या गाडीने मी दवाखान्यात जाणार, पुढच्या आठवड्याला, त्याच्या पुढच्या आठवड्याला, ती बाई जितक्यांदा बोलावेल तितक्यांदा. स्टीलच्या तर स्टीलच्या. आई, सही तू करायचीस. आणि बाबा, बाईंनी पुन्हा विचारलं, कुणाकडून आलं, तर मी सांगणार, बापाकडून. तुम्हाला यायचं तर या, तोंड उघडून दाखवा. नाही यायचं तर नका येऊ, मी तरी सांगणार. आणि तुमच्या गुरांची तोंडं मी आता धरणार नाही. गिऱ्हाइकाने विचारलं पोरगी कुठे गेली, तर खरं सांगा."